जॉबरकाकांची उत्तरं

बुऱ्हाणपुरात देवाशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. दर परीक्षेच्या निकालानंतर मी स्वतःही थोडाफार भांडतो. पण देवाची बाजू घेऊन थेट पोपशी भांडणारा माणूस सबंध तापीच्या खोऱ्यात एकच झाला, आणि तो नेमका राजपुऱ्यात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मी शाळेत मराठी शिकवणारा साधा मास्तर. माझा ना रोमशी संबंध ना लॅटिनशी. पण त्या भांडणाचे सगळे कागद माझ्या हस्ताक्षरात आहेत, आणि वरच्या दरबारी कधी चौकशी निघालीच तर पहिलं बोलावणं मलाच येणार, याबद्दल माझ्या बायकोच्या मनात शंका नाही.

हे गृहस्थ मूळचे वसईकडचे, ख्रिस्ती. विशी ओलांडल्यावर इथल्या कापडगिरणीत जॉबर म्हणून आले, म्हणजे मागांवर आणि माग चालवणाऱ्यांवर नजर ठेवायला. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना जॉबरकाकाच म्हणत राहिली. दोनशे माग एकदम खडखडत असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून जो आवाज त्यांनी लावला, तो पुन्हा खाली आलाच नाही. काका कानात सांगायला लागले की शेजारच्या तीन घरांत बातमी पोचायची. लालबागेत स्टेशनाजवळ त्यांच्या लोकांचं छोटं गिरजाघर होतं. जेमतेम बारा घरांची वस्ती, बहुतेक रेल्वेतली. तिथं फादरपुढे पापं कबूल करायची पद्धत असते, आणि ती कुजबुजत करायची असतात. काका त्यासाठीच्या जाळीमागे जाऊन बसले की बाकीची मंडळी संकोचून बाहेर अंगणात उभी राहत, आणि अंगणातही सगळं स्वच्छ ऐकू येई. पाप दरवेळी एकच असे, गिरणीत दिलेल्या शिव्या. पण काका ते मोघम सांगत नसत. कोणाला, कोणत्या मागावर आणि नेमकी कोणती शिवी, हे उदाहरणासहित सांगत. स्टेशनमास्तरांच्या वृद्ध आईनं एकदा आपल्या सुनेला विचारलं होतं म्हणे, "हे पाप कबूल करतायत की नवीन करतायत?"

उपासाच्या बाबतीत तर त्यांनी देवालाही मागे टाकलं होतं. जुना नियम असा, की मिस्सात, म्हणजे त्यांच्या रविवारच्या उपासनेत, प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि फादर यायचे खांडव्याहून, पंधरा दिवसांतून एका रविवारी, सकाळच्या पॅसेंजरनं. ही पॅसेंजर कधी नऊला येई, कधी अकराला, आणि एकदा तर दीडला आली. भूक आवरेनाशी झाली की बाकीची मंडळी केळी सोलायला लागायची. काका मात्र फलाटावरच्या बाकावर ताठ बसून राहायचे आणि गाडीला शिव्या द्यायचे, म्हणजे फादर उतरल्याबरोबर कबूल करायला ताजा माल तयार. मग वरून हुकूम आला, की यापुढे तासभर आधीपर्यंत खाल्लं तरी चालेल. सगळ्यांना आनंद झाला, काकांना मात्र अपमान वाटला. "तासाभरापूर्वी भजी खाल्लेल्या तोंडात देव घ्यायचा? मास्तर, तुमच्या सत्यनारायणाला असं चालतं का?" मी विषय बदलला, कारण आमच्या सत्यनारायणाला मी काय काय खाऊन बसतो हे बायको ऐकत होती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस काका मावा जिलबी सोडत. पण सोडल्याचं सकाळ, दुपार, संध्याकाळ सांगत असत. शेवटी माझी बायको एकदा म्हणाली, "काका, जिलबी सोडलीत, पण जिलबीचं नाव काही सोडलं नाहीत." त्यावर ते दोन दिवस रुसले आणि ईस्टरला शेरभर जिलबी घेऊन आमच्याकडे आले.

आता माझ्यासारखा माणूस त्या गिरजाघरात कसा जाऊन पडला, तेही सांगतो. मिस्सात फादर एकेक वाक्य म्हणतात आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. जुन्या पद्धतीत हे सगळं लॅटिनमध्ये असे, आणि वेदीशी गुडघे टेकून ते उत्तर देणारा माणूस एकच असे. त्या बारा घरांत लॅटिन उत्तरं येणारे एकटे काका. पूर्वीच्या एका गोऱ्या फादरनं त्यांना ती तरुणपणी शिकवली होती. पण साठीला आल्यावर त्यांच्या गुडघ्यांनी संप केला. काका खाली बसत ते ठीक, वर उठणं मात्र बंद झालं. बायकांना वेदीच्या कठड्याच्या आत जायची मुभा नव्हती, नाहीतर काकूंनीच त्यांना उठवलं असतं. मग एका रविवारी काका मला टांग्यात घालून लालबागेत घेऊन गेले आणि फादरना म्हणाले, "ये मेरे शेजारी हैं. धर्म का कुछ नहीं करेंगे, सिर्फ मुझे उठाएँगे." म्हाताऱ्या फादरनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या धोतराकडे पाहिलं, आणि मान हलवली. पुढली सहा वर्षं मिस्सा कुठं वाकतो आणि कुठं उठतो हे मला आरतीपेक्षा जास्त पाठ होतं. काकांच्या काखेत हात घालून मी त्यांना वर ओढायचो. त्या सवयीनं माझा हात आजही रविवारी सकाळी शिवशिवतो.

पण काकांचं लॅटिन ऐकायला मिळालं हे मात्र माझं भाग्य. फादरचं वाक्य संपण्याआधी काकांचं उत्तर सुरू व्हायचं. मागावरचा धोटा इकडून तिकडे जावा तसं. म्हातारे फादरही चिडून वेग वाढवायचे, मग काका आणखी वाढवायचे, आणि पाऊण तासाचा मिस्सा वीस मिनिटांत उरकायचा. या सगळ्याचा अर्थ काय, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "अर्थ फादरला माहीत. देवाला माहीत. मधे मी कायको नाक खुपसू?" डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर काकू डोक्यावरून पदर घेऊन, हातात जपमाळ धरून बसलेल्या असत. काकूंना लिहितावाचता येत नव्हतं. हिंदी त्यांनी चाळीस वर्षांत शिकून घेतली नाही. भाजीवालीशीसुद्धा त्या वसईच्या बोलीतच भांडत आणि जिंकत. काका उत्तरं द्यायला लागले की त्या माळ थांबवून ऐकत. काकू गेल्या त्यानंतरही काका त्या बाकाकडे पाहूनच खाली बसायचे.

त्या गेल्या आणि पाठोपाठ पोपसाहेबांचा तो मोठा बदल आला. लॅटिन बंद, लोकांच्या भाषेत मिस्सा. आमच्याकडे लोकांची भाषा म्हणजे सरकारी हिसाबानं हिंदी. शिवाय वेदी भिंतीपासून सोडवून फिरवायची, म्हणजे फादर पाठमोरे न राहता लोकांकडे तोंड करून उभे राहणार. आणि उत्तरं एकानं नाही, सगळ्यांनी मिळून द्यायची. म्हातारे फादर आपल्या देशी परत गेले होते. त्यांच्या जागी केरळातले एक तरुण फादर आले. ते हौसेनं हिंदी शिकले होते, पण घाबरले की हिंदी त्यांना सोडून जायची.

भाषा बदलण्याचं हे दुखणं मला अगदीच नवीन नव्हतं. काही वर्षांपूर्वी राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा आमची राजधानी म्हणून नागपूर गेलं आणि भोपाळ आलं. आधी शाळेचे कागद मराठीत येत, ते हिंदीत यायला लागले. माझे मराठीचे वर्ग एकेक करून कमी झाले आणि उरलेल्या तासांना मला हिंदी शिकवायला लावलं. काका तावातावानं आले तेव्हा मी शहाणपणानं म्हटलं, "काका, मी बदललो की नाही? तुम्हीही बदला."

"तुम्ही बदललात, मास्तर, कारण तुमचा पगार चालू होता," काका म्हणाले. "मला कोण पगार देतो?"

मग त्यांनी पोपसाहेबांना अर्ज लिहायचं ठरवलं. काका सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. त्यांना माहीत असलेला अर्जाचा एकच नमुना होता, गिरणीच्या मॅनेजरला करायचा. त्यामुळे सुरुवात झाली ती अशी: "अर्जदार मजकूर सविनय सादर करतो की, अर्जदार बुऱ्हाणपूर येथील चॅपेलात सतत चाळीस वर्षे बिनतक्रार उत्तरे देत आहे." पुढे कलमं होती. वेदी फिरवली की फादर आमच्याकडे बघणार, आम्ही फादरकडे बघणार, मग देवाकडे कोण बघणार याची चौकशी व्हावी. सगळे एकदम उत्तर देणार, त्यात कोण चुकलं हे कळणार नाही, त्यामुळे शिस्त बिघडेल. उभं राहण्याचं प्रमाण वाढून गुडघे टेकण्याचं कमी होणार आहे, ही सवलत अर्जदारास नको. इथं माझा हात जरा अडखळला, कारण ही सवलत मला फार हवी होती. शेवटचं कलम त्यांनी उभं राहून सांगितलं: "चालू मागाला हात लावायचा नाही, हे गिरणीत पोरासोरांना कळतं. हा माग दोन हजार वर्षं चालू आहे."

अर्ज मराठीत होता. "त्यांच्याकडे कोणीतरी वसईचा असेलच," काका म्हणाले. आमच्या पोस्टातल्या बाबूनं पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला आणि मला विचारलं, "मास्तरजी, जवाब आएगा?" उत्तर आलं नाही. सहा महिने वाट पाहून काकांनी निर्वाळा दिला, "मॅनेजमेंट कधी उत्तर देत नाही."

इकडे त्या तरुण फादरची वेगळीच पंचाईत झाली. वेदी फिरवायची तर ती भिंतीपासून सुटेना. लाकडी वेदी डुगडुगते म्हणून पूर्वी काकांनीच ती गिरणीतल्या चार बोल्टांनी भिंतीला जखडली होती, आणि काकांनी आवळलेला बोल्ट म्हणजे काय हे गिरणीतल्या आख्ख्या साळखात्याला, म्हणजे विणकामाच्या खात्याला, ठाऊक होतं. सुतारानं दोन दिवस झटापट केली आणि हात टेकले. करवतीनं कापू म्हणाला. शेवटी फादर स्वतः राजपुऱ्यात आले, काकांच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काकाजी, आपका बोल्ट... मुझसे नाराज है."

काका आत गेले, फडक्यात गुंडाळलेला जुना पाना घेऊन आले आणि टांग्यात जाऊन बसले. मीही बसलो. गिरजाघरात त्यांनी चारही बोल्ट स्वतः ढिले केले. प्रत्येक बोल्ट निघाला की तो रुमालानं पुसून माझ्या हातात देत. "करवत लावणार होते," एवढंच म्हणाले. वेदी फिरवून झाल्यावर तिची पातळी बरोबर आहे का हे पाहायला त्यांनी तिच्यावर पाण्याची वाटी ठेवली, एका कोपऱ्याखाली पाचर मारली आणि मग फादरना सांगितलं, "अब हिलेगी नहीं. लेकिन मैं अंदर नहीं बैठूँगा."

आणि खरोखरच काका शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागले. त्यांना उठवायला कोणी लागत नव्हतं, तरी मी सवयीनं जायचो. बारा घरं हिंदीत उत्तरं देत, कोणी पुढे, कोणी मागे. काका ओठ मिटून बसत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प बसलेलं पाहत होतो, आणि मला ते अजिबात बघवत नव्हतं. घरीही त्यांचा आवाज खाली आला. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना म्हणून बायको काळजीत पडली. "एकदा तरी ओरडा हो त्यांच्यावर काही," ती मला म्हणाली, "म्हणजे ते परत ओरडतील."

काकूंच्या वर्षदिवसाला महिनाभर राहिला होता. त्या दिवशी त्यांच्या नावानं मिस्सा होणार होता. काकांनी फादरना विचारलं, की तेवढा एक लॅटिनमध्ये करता येईल का. फादरनी खांडव्याला वरिष्ठांना विचारलं. परवानगी मिळाली नाही. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे येऊन बसले. चहा घेतला नाही.

"तिला हिंदी येत नव्हतं, मास्तर," ते म्हणाले. "तिच्यासाठी हिंदीत मागणं मागितलं तर तिला काय समजेल?"

मी मास्तर असल्यामुळे मला चुकीच्या वेळी तर्क सुचतो. मी म्हटलं, "काका, लॅटिन तरी काकूंना कुठं येत होतं?"

"लॅटिन नाही हो," काका म्हणाले. "माझा आवाज. त्या देवळात एकच आवाज उत्तर द्यायचा. ती डोळे मिटून बसायची तरी तिला माहीत असायचं, की हा मी आहे. आता बारा घरं एकदम बोलतात. त्या गलक्यात माझा आवाज तिला कसा सापडणार?"

माझी बायको आत निघून गेली. मी त्यांचा गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला. काका पुढे बोलले, आणि त्यांच्या मानानं अगदी हळू, म्हणजे फक्त दोनच घरांना ऐकू जाईल असं. "अन् दुसरं एक आहे. हिंदीत मी आजवर काय बोललो? शिव्या. तीस-पस्तीस वर्षं गिरणीत, हिंदीतच. त्याच तोंडानं, त्याच भाषेत देवाशी बोलू? लाज वाटते मला."

मी फक्त म्हटलं, "काका, देवानं त्या शिव्या दर पंधरवड्याला सविस्तर ऐकल्या आहेत. त्याला तुमच्या हिंदीची चांगली सवय आहे."

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मग हसले. बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते वही घेऊन दारात उभे. "तेवढी उत्तरं पाठ करून घ्या, मास्तर. पण एक सांगतो. अर्थ सांगायचा नाही." मी म्हटलं, काका, ही हिंदी आहे, हिचा अर्थ तुम्हाला येतोच. "येतो, तोच तर त्रास आहे," काका म्हणाले. "मधे मधे लक्ष जातं." महिनाभर रोज संध्याकाळी माझी शिकवणी चालली. भोपाळच्या हुकुमानं हिंदीचा मास्तर झालेला मी आणि रोमच्या हुकुमानं विद्यार्थी झालेले काका. काकांनी लॅटिनचा वेग हिंदीला लावल्यामुळे पहिले आठ दिवस मला काही समजलंच नाही.

दरम्यान मी फादरना भेटून आवाजाची गोष्ट सांगितली होती. त्यांनी ऐकून घेतली आणि "अच्छा, अच्छा" म्हणाले. त्यांना माझं बोलणं समजलं की नाही, याची मला खात्री नव्हती.

वर्षदिवसाला बाराही घरं आली होती. गिरजाघर तेवढ्यातही भरून गेलं, पण डाव्या बाजूचा पहिला बाक रिकामा होता. काका नवा सदरा घालून शेवटच्या बाकावर, शेजारी मी. मिस्सा सुरू झाला. फादर आमच्याकडे तोंड करून म्हणाले, "प्रभु आपके साथ हो."

कोणीच उत्तर दिलं नाही. स्टेशनमास्तर गप्प, त्यांची आई गप्प, गार्डसाहेबांचं सगळं कुटुंब गप्प. फादर हात पसरून उभे राहिले. काका चिडून इकडेतिकडे पाहायला लागले आणि म्हणाले, "झोपले की काय सगळे?" हे सगळ्यांना ऐकू गेलं. तरी कोणी हललं नाही. कोणी वळूनही पाहिलं नाही. मग काकांना समजलं. मलाही तेव्हाच समजलं. फादरनी बाराही घरांना गप्प राहायला सांगून ठेवलं होतं, मला तेवढं नाही.

काका बाक धरून उभे राहिले, मधल्या वाटेनं चालत पुढे गेले, वेदीपाशी त्यांच्या जुन्या जागेवर थांबले आणि गुडघे टेकून बसले. नव्या पद्धतीत तिथं गुडघे टेकायचे नसतात.

"और आपके साथ भी!" काका म्हणाले, दोनशे मागांवरून पलीकडे जाईल अशा आवाजात. बाहेर टांग्याचा घोडा खिंकाळला. त्यानंतर शेवटपर्यंत त्या गिरजाघरात उत्तर देणारा आवाज एकच होता. एका ठिकाणी अडखळला, पुन्हा सुरू झाला. मी पुढे जाऊन त्यांच्या मागे बसलो होतो, आणि उठायची वेळ आली तेव्हा त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. दोघांचेही डोळे ओले होते, त्यामुळे कोणी कोणाला हसलं नाही.

परतताना टांग्यात शनवारा दरवाजा आला तेव्हा काका म्हणाले, "एका ठिकाणी चुकलो, मास्तर."

"एवढं काही नाही, काका."

"ती हसली असेल," काका म्हणाले आणि टांगा जिलबीच्या दुकानापाशी थांबवायला सांगितला.

त्यानंतर ते पुन्हा सगळ्यांबरोबर उत्तरं द्यायला लागले. सगळ्यांच्या आधी संपवत आणि बाकीच्यांची वाट पाहत बसत. पुढे त्या तरुण फादरची बदली झाली. निरोपाला गेलो तेव्हा मी सहज विचारलं, की ते जुन्या मिस्सातलं अगदी पहिलं उत्तर, पायरीशी गुडघे टेकल्या टेकल्या काका जे म्हणायचे, त्यात काय होतं? नव्या पद्धतीत ते गाळूनच टाकलंय ना? फादरनी हिंदीत सांगायचा प्रयत्न केला, मग इंग्रजीत सांगितलं. देवाकडे जातो, असं काहीसं होतं, माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे.

पंचविशीत काका हे म्हणायला लागले तेव्हा नवी नवरी पहिल्या बाकावर बसून ऐकत होती, आणि साठीत गुडघे मोडल्यावरही ते तेच म्हणत होते आणि काकू तिथंच होत्या. दोघांनाही त्यातला एक शब्द कळत नव्हता. काका आणखी वर्षभर होते. रोज संध्याकाळी ओट्यावर भेटत होतो. अर्थ सांगायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं, म्हणून मी सांगितला नाही. तेवढा एक सांगायला हवा होता.